उजवी कड

भिकाजीनं हात जोडले तेव्हा महिपतच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती, आणि ती कुठं ठेवावी हे त्याला सुचेना. खाटेवर ठेवावी तर जिथं डावा पाय असायला हवा तिथं चादर सपाट पडलेली. खाली ठेवावी तर वाकायला हवं, आणि वाकलं की भिकाजीच्या त्या जोडलेल्या हातांखाली आपलं डोकं जाणार. म्हणून तो पिशवी धरून तसाच उभा राहिला. "माफ कर मला, महिपत," भिकाजी म्हणाला. "मी प्यालो आनि तुज्या गाडीला आडवा आलो. मला कायपन आठवत नाय बग. स्टँडवर चहा घेतला, सायकलवर टांग टाकली, हितवर आठवतं, म्होरलं सगळं पुसलेलं. पन अकरा मानसं सांगतायत म्हंजे तसंच जालं असनार. चार वाजता हवालदार यायचा हाय माजा जबाब घ्यायला. मी सांगतंव त्याला, महिपतचा काय गुन्हा नाय म्हनून. तू घोर लावून घेव नको." एवढं बोलून त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. पायथ्याशी त्याची बायको विमला बसली होती. ती नवऱ्याकडं बघत नव्हती आणि महिपतकडंही नाही. सतरा दिवस ती त्याला भरवत होती, पुसत होती, रात्री फरशीवर पदर अंथरून झोपत होती, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. हे साऱ्या आडबंदर गावाला ठाऊक होतं. महिपत काहीतरी बोलला, "होईल बरं" असलं काहीतरी निरर्थक, आणि पिशवीसकट वॉर्डाबाहेर, रत्नागिरीच्या इस्पितळाच्या व्हरांड्यात आला.

कुवेतहून आणलेल्या घड्याळात सव्वादोन वाजले होते. पावणेदोन तास उरले. पावणेदोन तासांनी भिकाजी आपल्या तोंडानं सांगणार की मी प्यालो होतो, हवालदार ते लिहून घेणार, खाली भिकाजीची सही होणार, आणि मग ते कायमचं खरं होऊन बसणार. त्याला वाटलं, या घटकेला कुणीतरी येऊन आपल्या थोबाडीत मारावी तर किती बरं होईल. पण व्हरांड्यात कोण मारणार? एक आजारी म्हातारा उन्हात पाय सोडून बसला होता, एक बाई लुगडं वाळत घालत होती. कुणाला काय पडलंय? आणि ज्याला पडायला हवं होतं तोच आत हात जोडून पडला होता.

भिकाजीचं पिणं म्हणजे एके काळी साऱ्या बंदराच्या तोंडचा विषय. होडीवरचा तांडेल म्हणून त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता, पाण्याचा रंग बघून जाळं कुठं टाकायचं ते सांगायचा, पण किनाऱ्याला लागला की सरळ गुत्त्यावर. विमलानं किती वेळा त्याला चिखलातून उचलून आणला असेल त्याला गणतीच नाही. तीन वर्षांपूर्वी शिमग्याला, पालखी देवळाबाहेर निघायच्या आधी, त्यानं सोमजाईसमोर नारळावर हात ठेवून सगळ्या गावादेखत सांगितलं, आजपासून थेंब घेणार नाही, घेतला तर देवीनं काय ते बघून घ्यावं. लोक हसले होते. महिपतही हसला होता, उगाच कशाला खोटं बोलायचं. पण भिकाजीनं ते पाळलं. पहिल्या वर्षी लोक वाट बघत राहिले, दुसऱ्या वर्षी वाट बघायची थांबले, तिसऱ्या वर्षी गुरवानं आपणहून पालखीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर दिला. विमला डोक्यात अबोली माळायला लागली. घरावर नवी कौलं चढली. आणि आता सारं बंदर म्हणत होतं, बघा, शपथ मोडली आणि देवीनं पाय नेला. म्हणत होतं असं नाही, मानत होतं. भिकाजीही मानत होता. त्याला पायाचं दुःख होतंच, पण पायाबरोबर देवी गेली होती, बायको गेली होती, तीन वर्षं गेली होती. आणि यातलं काही, काही म्हणजे काहीही, खरं नव्हतं. भिकाजी प्यालेला नव्हता. भिकाजी आडवा आला नव्हता. तो आपल्या डाव्या कडेनं, दरडीला खेटून, शहाण्या माणसासारखा सायकल मारत येत होता. चुकीच्या कडेला होती ती जीप. आणि जीपच्या स्टेअरिंगवर महिपत होता.

महिपत शहात्तर साली कुवेतला गेला. गेला तेव्हा तो चौदा वर्षं गाडी चालवलेला जुना ड्रायव्हर होता, ट्रक घेऊन रात्री-बेरात्री घाट उतरलेला माणूस, आपल्याला कुणी काय शिकवणार अशी मस्ती अंगात. तिथं त्याला पाण्याचा टँकर दिला आणि शेजारी एक बलुची उस्ताद बसवला. पहिल्याच वळणावर टँकर डावीकडं गेला आणि उस्तादानं त्याच्या मानेवर एक ठेवून दिली. पुढचे चाळीस दिवस हेच. टँकर डावीकडं सरकला की मानेवर चापट. अडतिसाव्या वर्षी महिपत पोरासारखा मार खात होता आणि रात्री बराकीत उशीत तोंड खुपसून रडत होता, कारण तो मार त्याला हात चुकला म्हणून नव्हता, चौदा वर्षं जे बरोबर होतं तेच चूक ठरलं म्हणून होता. उस्ताद वाईट नव्हता. संध्याकाळी आपल्या थाळीतलं मटण त्याच्याकडं सरकवायचा आणि सांगायचा, "भीड में आदमी गलती नहीं करता, महिपत. आगेवाले के पीछे जाता है. खाली सडक से डरना. रुकके फिर चालू करे, तब डरना." चाळीस दिवसांनंतर एका सकाळी टँकर वाळवंटातल्या रिकाम्या रस्त्याला लागला, आपोआप उजव्या कडेला गेला, आणि महिपतच्या हे ध्यानातही आलं नाही. उस्ताद हसला. म्हणाला, "बदल गया तेरा हाथ." महिपतला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. घरी पत्र लिहिताना त्यानं तो प्रसंग बायकोला, मथुराला, लिहिला होता. जणू काही मोठं बक्षीसच मिळालं.

आठ वर्षांनी परतला तेव्हा पहिली गंमत मुंबईतच झाली. रस्ता ओलांडताना त्यानं डावीकडं बघितलं, टॅक्सी उजवीकडून आली, आणि टॅक्सीवाल्यानं त्याच्या आईचा उद्धार केला. गावात बांधावरून जाताना समोरून कुणी आलं की तो उजवीकडं सरायचा, समोरचा डावीकडं, म्हणजे दोघं एकाच बाजूला, आणि कपाळावर कपाळ. एकदा मथुराची बहीण पाण्याची कळशी घेऊन येत होती ती अशीच त्याच्या अंगावर सांडली. बायका किती दिवस हसत होत्या. मथुरा म्हणायची, "कुवेतानं आमचा घो डावरा करून पाटवला." तोही हसायचा. हसण्यावारीच गेलं सगळं. ते हसण्यावारी न्यायला नको होतं, हे आता व्हरांड्यात उभं राहून कळून काय उपयोग?

जीप घेतली तीही अशीच मस्तीत. सावर्ड्याच्या गॅरेजवाल्याकडं दोन जीपा होत्या. एकीचं स्टेअरिंग उजवीकडं, दुसरीचं डावीकडं, जुन्या जीपा असायच्या तसलं. गॅरेजवाला म्हणाला, "राईट हॅन्ड घ्या, महिपतराव, आपल्या रस्त्याला तीच बरी." महिपत म्हणाला, आठ वर्षं लेफ्ट हॅन्ड चालवलीय, माझे हात तिलाच सरावलेत. एवढं बोलायला किती बरं वाटलं होतं. आणि तिथंच सगळं फसलं. कुवेतला तो डावीकडं बसायचा आणि रस्त्याच्या उजवीनं जायचा, रस्त्याचा मध्य नेहमी त्याच्या डाव्या कोपराशी. इथं बसायची जागा तीच, गिअर तसाच उजव्या हाताला, पण कोपराशी काय, तर काजूची झाडं, दगडी गडगे, करवंदीच्या जाळ्या. डोकं सांगायचं, हे बरोबर आहे, आपण रत्नागिरीत आहोत. अंग म्हणायचं, नाही, हे चुकतंय, पलीकडं जा. तीन वर्षं हा तंटा त्याच्या आत चालू होता. दिवसाच्या चार फेऱ्या, बंदर ते रत्नागिरी, रत्नागिरी ते बंदर, आणि प्रत्येक फेरीत त्याच्या पाठीतून घाम निघायचा. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? कुवेत रिटर्न ड्रायव्हर, त्याला म्हणे डावं-उजवं कळत नाही.

डाव्या बाजूला बसून पुढची गाडी ओलांडायची तर पलीकडचा रस्ता दिसत नाही. तिथं कामाला यायची आवडाबाई. साठीची बाई, सकाळ-दुपार मासळीची पाटी घेऊन रत्नागिरीला जाणारी, आणि पुढची उजवी जागा म्हणजे तिची ठरलेली, कुणी बसलं तर हाताला धरून उठवायची. ती मान बाहेर काढून बघायची आणि सांगायची, "जाव दे मेल्या, मोकळा हाय," किंवा "थांब मुडद्या, बैलगाडी येती." मागची माणसं हसायची, म्हणायची, जीप आवडाबाय चालवते आणि महिपत नुसता चाक धरतो. महिपतला ते बोलणं लागायचं नाही. उलट तिचा आवाज कानाशी असला की त्याला धीर यायचा. ती होती म्हणून तीन वर्षं निभावली, हे तो मनाशी कबूल करून होता.

त्या दिवशी दुपारची फेरी. जीपमध्ये अकरा माणसं, वर पाट्या. सड्यावर चढल्यावर इंजिन तापलं म्हणून त्यानं जीप थांबवली. बाटलीतलं पाणी घातलं, माणसं खाली उतरून पाय मोकळे करून आली, कुणी विडी ओढली, त्यांतल्या धाकूनं कसलीशी थट्टा केली. मग सगळी बसली आणि तो निघाला. सडा मैलभर नाही, दोन मैल सरळ, जांभ्या दगडाचा उघडा माळ, गवत वाळून पिवळं झालेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. थांबून पुन्हा निघणं आणि रिकामा रस्ता. उस्तादानं सांगितलेलं दोन्ही एकदम. आणि महिपतला काय झालं होतं त्या दोन मैलांत? त्याला भीती वाटली नाही, गोंधळ उडाला नाही. त्याला बरं वाटलं. हेच तर तो कुणाला सांगू शकत नव्हता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या अंगातला तंटा मिटला होता. खांदे सैल पडले, पाठीला वारा लागला, कोपराशी रस्त्याचा मध्य आला आणि सगळं जिथल्या तिथं बसलं. त्याला वाटलं, आलो शेवटी, जमलं, आता आपण घरी आलो. तो गुणगुणतही असेल. शेजारी आवडाबाई मांडीवर पानाचा डबा घेऊन पानाच्या शिरा काढत होती, तिचं लक्ष खाली. मागच्यांना रस्ता दिसतच नव्हता. दोन मैल तो उजव्या कडेनं गेला, सुखानं गेला. मग सडा संपतो तिथलं वळण, जिथं दोन्ही अंगांना दरड आहे, आणि वळणावर भिकाजी. भिकाजीनं जीप ओळखली. त्यानं हात वर केला, हाक मारल्यासारखा, गावची गाडी म्हणून. त्याच्या डावीकडं चिऱ्याची उभी भिंत. त्याला जायला जागाच नव्हती.

पुढचं महिपतला तुकड्या-तुकड्यांनी दिसायचं. आवडाबाईच्या लुगड्यावर सांडलेला चुना. सायकलचं फिरत राहिलेलं मागचं चाक. कॅरियरला बांधलेला होडीच्या इंजिनाचा पट्टा, कोरा, कागदातला. माणसं उतरली, धावली, भिकाजीला दरडीपासून उचलून रस्त्याच्या मधोमध आणला, कुणी पागोट्याचं फडकं बांधलं. महिपत बॉनेटला टेकून उभा होता. आणि मग धाकूनं आजूबाजूला बघितलं. एकदा जीपकडं बघितलं, एकदा दरडीकडं, एकदा महिपतकडं. धाकू काही वाईट माणूस नाही, महिपतच्या लग्नात त्यानं पाणी वाहिलंय. तो हळूच म्हणाला, "प्यालेला दिसतोय रे." कुणीतरी वाकून भिकाजीच्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणालं, "व्हय, येतोय." मग दुसऱ्यालाही आला. मग सगळ्यांना आला. चौघांनी जीप ढकलून डाव्या कडेला लावली. धाकूनं सायकल उचलली आणि रस्त्याच्या मधे आणून आडवी टाकली, जरा मागं सरून बघितली, परत थोडी सरकवली. हे सगळं कुणी कुणाशी न बोलता झालं, होडी वर ओढताना कोण कुठं हात घालणार हे जसं सांगावं लागत नाही तसं. महिपत बघत होता. त्याला एवढंच म्हणायचं होतं, "राहू द्या." दोन शब्द. ते त्याच्या घशापर्यंत आले. मग हवालदार आला, टेप लावून मोजलं, लिहून घेतलं, अकरा माणसांनी सह्या-अंगठे दिले, आणि महिपतच्या घशातले दोन शब्द तिथंच राहून गेले. सतरा दिवस ते त्याला गिळताही आले नव्हते.

त्या रात्री मथुरानं सोमजाईला नारळ दिला. घो वाचला म्हणून. खोबऱ्याचा तुकडा तिनं महिपतच्या हातावर ठेवला आणि तो त्यानं खाल्ला. खाल्ला, काय सांगायचं? जीप तिसऱ्या दिवशी पोलिसांनी सोडली आणि चौथ्या दिवसापासून फेऱ्या सुरू झाल्या. आता तो प्रत्येक वळणावर ओठातल्या ओठात डावी, डावी म्हणत जायचा. स्टेअरिंगवर त्याचे दोन हात असायचे आणि तो त्यांच्याकडं परक्या माणसाच्या हातांकडं बघावं तसा बघायचा, हे आता काय करतील म्हणून. लोक त्याला म्हणायचे, तुजा काय दोष, तू का झुरतंस. बंदरावरचं प्रत्येक माणूस त्याच्याशी पहिल्यापेक्षा गोड बोलत होतं. या गोडव्यानं त्याला वेड लागायची पाळी आली होती.

"मोसंबी दिलीस नाय काय?" आवाज आला तसा तो दचकला. आवडाबाई मासळी विकून, रिकामी पाटी काखेत घेऊन व्हरांड्याच्या पायऱ्या चढत होती. परतीच्या फेरीला अजून वेळ होता. ती त्याच्या शेजारी कठड्याला टेकून बसली, धापा टाकत. "काय म्हनतो भिकाजी?"

"माफी मागतो."

"कुनाची?"

"माजी."

आवडाबाईनं पाटी खाली ठेवली, पदरानं मान पुसली. तिच्याकडं न बघता महिपत म्हणाला, "आवडाकाकी, तू पुढं बसलीवतीस."

"मग?"

"तुला ठाव हाय."

"माज्या गुडघ्यापासून हातभर लांब त्याचं तोंड व्हतं, महिपत," ती म्हणाली. आवाज सपाट होता, मासळीचा भाव सांगताना असतो तसा. "मला पान खायला डोस्क्यात आलं नसतं तर मी वराडले असते. मला नाय ठाव तर कुनाला ठाव असनार? आनि मलाच काय, सगळ्यांना ठाव हाय. मागच्यांनी दरड नाय बगितली काय उतरल्यावर?"

महिपतला वाटत होतं की हे ओझं आपल्या एकट्याच्या डोक्यावर आहे. त्याला तर असंही वाटत होतं की लोक भोळे आहेत, त्यांना फसवलंय आपण. आता ते वाटणंही गेलं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे झोपत होते. "मग तसा जबाब का दिलात?" तो म्हणाला.

"का म्हंजे? एस्टी येती काय बंदरावर? गेल्या पावसात चिमाचं पोर पोटात आडवं आलं, तिला कुनी आनली हितं? सदूच्या बापाशीला साप चावला तवा? शाळेची पोरं कुनाच्या गाडीतनं जातात? माजी मासळी म्या डोक्यावरनं आनू काय आता, ह्या वयात? तुजी जीप गेली म्हंजे आमचं बंदर गेलं. भिकाजीचा पाय काय, तो गेलाच व्हता. तुज्या खऱ्या बोलन्यानं तो परत उगवनार हाय?"

"पाय नाय गं काकी. पायाचं नाय बोलत मी. ती विमला त्याच्याशी बोलत नाय. तो सवताला दारुडा समजतो. देवीनं पाय नेला म्हनतो. चार वाजता आपल्या तोंडानं लिहून देनार हाय."

आवडाबाईनं पाटीला चिकटलेलं खवलं नखानं खरवडलं. मग म्हणाली, "मी सतरा दिस झाले देवळात गेले नाय. पायरीपर्यंत जातंव आनि माघारी फिरतंव. सुनेला सांगतंव गुडघा दुखतो." तिनं पाटी उचलली. "तू बोललास तर मी खोटी पडनार. धाकू खोटा पडनार, त्यानं सायकल उचलली म्हनून त्याला आत बी टाकतील. तुला तर टाकतीलच. तुजी मथुरा काय खानार, तुजी पोरं काय खानार, ते गाव बगील म्हनशील तर तसं कोन बगत नाय रे. सगळी तुज्यावर थुकतील. येवडं सगळं मनात धर. आनि मग तुला काय करायचं ते कर." ती उठली आणि पायऱ्या उतरून गेली. वळून बघितलं नाही. महिपतला तिचा राग आला नाही. तिच्या म्हाताऱ्या पाठीकडं बघून उलट रडू आलं.

तीन वाजले. साडेतीन वाजले. महिपत कठड्याला धरून उभा होता. त्याला भीती वाटत होती, हे स्पष्टच सांगायला हवं. तुरुंगाची वाटत होती, हातात बेड्या घालून स्टँडवरून चालवत नेतील त्याची वाटत होती. मथुराचं तोंड कसं होईल त्याची तर सगळ्यात जास्त. तिनं नारळ दिला होता. तिला सांगायचं की तो नारळ कशाचा होता? त्यानं जिना उतरून जीपपर्यंत जाऊन यायचं ठरवलं आणि गेला. जीपमध्ये बसला, चावी फिरवली, बंद केली. निघून गेलं तर काय होईल? काहीही होणार नाही. चार वाजतील, सही होईल, उद्या भिकाजीला घरी सोडतील, त्याला न्यायलाही हीच जीप. भिकाजी पुढं बसेल आणि सड्यावरून जाताना पुन्हा एकदा माफी मागेल. मग पुढल्या महिन्यात मागेल, शिमग्याला मागेल. लंगडत काठी टेकत येईल, दारात उभा राहील, जन्मभर माफी मागत राहील. बेड्या परवडल्या, असं त्याला अगदी खरोखर वाटलं. तो उतरला. जिना चढला.

वॉर्डात ऊन तिरपं आलं होतं. विमला तिथंच बसलेली. भिकाजी जागा होता, छताकडं बघत. महिपतनं मोसंब्यांची पिशवी खाली फरशीवर ठेवली आणि खाटेजवळ उकिडवा बसला. काय बोलायचं ते त्यानं जिन्यात जुळवलं होतं, कुवेतपासून सुरुवात करायची, हाताची सवय, लेफ्ट हॅन्ड जीप, सगळं नीट समजावून. तोंडातून निघालं ते भलतंच. "भिकाजी, तू तुज्या कडेला व्हतास."

भिकाजीनं मान वळवली.

"तू दरडीला लागून येत व्हतास. मी उजव्या अंगाला गेलो. मी चुकलो. तू हात केलास मला. तुला दरडीशी चिरडला मी. सायकल धाकूनं मागनं रस्त्यात आनून टाकली." महिपतचा आवाज फाटला. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "मी बगत व्हतो आनि बोललो नाय. सतरा दिस बोललो नाय. मार मला. काय तरी कर."

भिकाजी त्याच्याकडं बघत राहिला. कपाळावर आठ्या, लांबच्या पाण्यावर काही दिसतंय का बघताना असतात तशा. महिपत वाट बघत होता. शिवीची, थुंकीची, कशाचीही.

"म्हंजे," भिकाजी म्हणाला, "मी प्यालेलो नव्हतो?"

"नाय."

"वास येत व्हता म्हनतात."

"कसला वास? काय वास नव्हता. धाकू बोलला म्हनून सगळ्यांना आला."

"नीट सांग. थेंबभर पन नाय?"

"थेंबभर पन नाय. तू सरळ येत व्हतास, भिकाजी. हात केलास."

भिकाजीचा ओठ हलायला लागला. त्यानं कोपरांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, तसा त्यानं महिपतचा दंड पकडला, होडीचा दोर पकडावा तसा घट्ट. "म्हंजे देवीनं नाय नेला," तो म्हणाला. "पाय देवीनं नाय नेला."

"नाय. मी नेला."

आणि भिकाजी रडायला लागला. मोठ्यानं, लाज सोडून, आणि रडता रडता हसत होता, आणि महिपतचा दंड काही सोडत नव्हता. "बरं जालं रे," तो म्हणत होता. "बरं जालं सांगितलंस. देव तुजं भलं करो." महिपतला ते ऐकवेना. त्याला दंड सोडवून घ्यायचा होता, पण ती पकड सुटत नव्हती. त्याला मार हवा होता आणि हा माणूस त्याला आशीर्वाद देत होता.

तेव्हा विमला उठली. ती खाटेला वळसा घालून आली आणि महिपतच्या समोर उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. पदर तोंडाशीही नेला नाही.

"दिस-रात मी ह्याच्याजवळ व्हते," ती म्हणाली. "पाय कापला तवा हा मला हाका मारत व्हता. रातभर मारत व्हता. मी हितंच बसलेवते. मी ओ दिली नाय."

वॉर्डाच्या दारात हवालदाराचे बूट वाजले. विमला तशीच उभी होती, उत्तराची वाट बघत.

"मला त्या हाकांना ओ द्यायची हाय, महिपत," ती म्हणाली. "आता कशी देऊ ते सांग."